लायब्ररीच्या जागेवरचं भात

नवरात्र उठलं की पनवेलची हवा गोंधळते. पहाटे पायावर चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि दुपारी तीच चादर बघूनसुद्धा घाम येतो. पाऊस गेला म्हणून छत्र्या माळ्यावर टाकाव्यात, तर संध्याकाळी प्रबळगडाच्या अंगाने काळं आभाळ चढत येतं, दोन-चार गडगडाट होतात आणि दोरीवरचे कपडे काढायला धावावं लागतं. पाऊस कधी येतो, कधी नुसता घाबरवून जातो. या दिवसांना काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पंचांग शरद म्हणतं. अंगाला ते पटत नाही.

परवा अशाच एका दुपारी शेजारची सई जिन्यात बसली होती. पंख्याखाली अभ्यास होत नाही म्हणे, जिन्यात वारा येतो. ती आमच्याच विद्यापीठात शिकते, तिसऱ्या वर्षाला. सत्र परीक्षा जवळ आली की तिचा चेहरा आमच्या वेळच्या चेहऱ्यांसारखा होतो, हातात वहीऐवजी फोन असतो एवढंच. मी भाजी घेऊन वर चढत होते. तिने विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी लायब्ररी होती का हो?"

"नव्हती," मी म्हटलं. दोन पायऱ्या चढले आणि थांबले. "म्हणजे होती. जागा ठरलेली होती."

"मग?"

"जागेवर भात होतं."

ती हसली. "म्हणजे नक्की काय होतं?"

मी पिशवीतली कोथिंबीर सावरत वर आले. मग संध्याकाळपर्यंत काही सुचलं नाही.

नक्की काय होतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नव्वदीच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. आम्ही गिरगावातली खोली सोडून पनवेलला ब्लॉक घेतला होता. बाबा रोज पहाटेच्या एसटीने मंत्रालयात जात आणि आई डासांना आणि बाबांना आलटून पालटून बोल लावी. मी बारावी झाले, आणि त्याच सुमाराला सरकारने आमच्या भागासाठी एक तंत्र विद्यापीठ काढलं. काढलं म्हणजे कायदा झाला. कुलगुरू नेमले गेले, बातमी आली, सत्कार झाले. इमारत तेवढी नव्हती.

बाबांनी माझा अर्ज भरला तेव्हा आईने विचारलं, "याची पदवी मान्य असते ना?"

"सरकारी आहे म्हणजे मान्यच असणार."

"असणार की आहे?"

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. आईचा तो प्रश्न पुढे चार वर्षं आमच्या घरात डासांसारखा फिरत राहिला.

पहिले वर्ग भरले ते गावातल्या एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत. पनवेल तेव्हा तांदळाच्या गिरण्यांचं गाव होतं, त्यातल्या काही बंद पडत चालल्या होत्या. त्यांपैकी एक विद्यापीठाने भाड्याने घेतली. जिथे पोती रचत तिथे आमचा ड्रॉइंग हॉल. वरच्या वाशांत, भिंतींच्या भेगांत वर्षानुवर्षांचा तूस अडकून बसलेला. वारा सुटला की तो अलगद खाली यायचा आणि आमच्या पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर बसायचा. टी-स्क्वेअर सरकवायच्या आधी फुंकर मारायची, ही आमची पहिली अभियांत्रिकी सवय. टांगेवाल्याला "विद्यापीठ" सांगितलं तर तो वळून बघायचा. "आयटीआय का?" नाही. "मग पॉलिटेक्निक?" तेही नाही. शेवटी "भाताची गिरण" म्हटलं की घोडा आपोआप वळायचा.

आमची पहिली तुकडी. त्यामुळे विचारायला सीनियर नाहीत. पेपर कसे निघतात, कुठला धडा सोडला तर चालतो, कुठल्या सरांना काय आवडतं, काहीच माहिती नाही. पहिल्या सत्रात गुण देणार असं सांगितलं, मग कळलं की गुण नाहीत, श्रेणी. मग श्रेणीचे पुन्हा गुण करून दिले, कारण बँकेच्या शिष्यवृत्तीवाल्यांना श्रेणी कळेना. फाटकावरची पाटी तीन वेळा रंगवली. कुलगुरू मात्र आले की असे बोलायचे, की तासभर आपण एखाद्या प्रचंड गोष्टीच्या पायाशी उभे आहोत असं वाटायचं. पांढरे केस, बुटकी मूर्ती, आयुष्य परदेशात आणि दक्षिणेत गेलेलं, मराठी शोधून शोधून बोलायचे. "हे विद्यापीठ गावासाठी आहे," ते म्हणायचे. "शहराने बघायला इकडे यावं, असं करू." आम्ही टाळ्या वाजवायचो. मग ते गाडीत बसून जायचे आणि वरून एक तूस शीटवर उतरायचा.

सिव्हिलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी वनिता भोईर. पहिल्या दिवशी एकाच बाकावर बसलो, कारण दुसरा पर्यायच नव्हता. ती ठेंगणी, काळीसावळी, केसांची घट्ट वेणी, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता थोडं बाजूला बघायची सवय. मी विचारलं, "कुठली गं तू?"

"इथलीच."

"पनवेलची?"

"नाही, पुढे. शिरढोणच्या अलीकडे. तुमचं विद्यापीठ बांधणार ना, तिथली."

ती "तुमचं" म्हणाली होती. मला तेव्हा ते खटकलंही नाही. तिच्या गावची जमीन विद्यापीठासाठी घेतली होती. मोबदला मिळाला होता, पुरेसा नाही म्हणून कोर्टात दावाही चालू होता. घरातल्या एका मुलाला प्रवेशात सवलत मिळेल असं कुणीतरी तोंडी सांगितलं होतं. तिच्या भावाला शाळेची गोडी नव्हती. हिला होती. सवलत पुढे मिळालीच नाही, पण हिला तिची गरज पडली नाही. गुणवत्ता यादीत ती माझ्या वर होती.

तिसऱ्या वर्षी आम्ही नव्या जागेत गेलो. माळ, माळाच्या कडेला गोव्याचा रस्ता, दक्षिणेला कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याचा तो आभाळात वर केलेला अंगठा, आणि मधे अर्धवट उभ्या इमारती. सगळ्यांना सारखाच पिवळा रंग. पाट्या लावणाऱ्याने केमिकलची पाटी मेकॅनिकलला लावली होती, त्यामुळे पहिला आठवडाभर एक अख्खा वर्ग चुकीच्या मास्तरांसमोर बसला आणि म्हणे कुणाला पत्ता लागला नाही. खिडक्यांना चौकटी होत्या, काचा नव्हत्या. वसतिगृहाला पाणी टँकरने यायचं. या सगळ्यात एक खोली मात्र गारेगार. संगणक कक्ष! बाहेर चपला काढायच्या, आत लाल गालिचा, एसीचा मंद घोंगाट. दुपारी उन्हं तापली की आम्ही तिथे शिकायला जायचो, खरं म्हणजे गार व्हायला.

इमारतींच्या मधल्या जागेत भात होतं. जमीन कागदावर विद्यापीठाची झाली होती. पण जिथे अजून बांधकाम नव्हतं तिथे गावकरी लावणी करत, आणि कुणी हरकत घेत नसे. आषाढात आम्ही वर्गातून बाहेर आलो की गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका दिसायच्या, आणि त्यांच्यातली एक वर बघून हाक मारायची, "वने, जेवलीस का गो?" ती वनिताची आई. वनिता "हो" म्हणायची आणि चालायची गती वाढवायची. तिला लाज वाटायची का? मला तेव्हा तसं वाटायचं. मग एकदा पाहिलं, सुट्टीच्या दिवशी तीच साडी वर खोचून त्याच चिखलात उभी आहे, आणि तोंडाने स्ट्रक्चर्सची सूत्रं म्हणते आहे. तिच्या मागून आई लावत येते आहे.

मी ज्या ऋतूबद्दल सांगते आहे तो त्याच वर्षीचा. दसरा होऊन गेला होता. लवकर येणारं हळवं भात कापून झालं होतं, जिकडे तिकडे पेंढ्याचा गोड, थोडा कुबट वास. वनिताच्या शेतातलं मात्र उभं होतं. ते गरवं. उशिरा तयार होणारं. नुकतं पिवळं पडायला लागलेलं, अजून दाण्यात चीक होता. दिवाळीच्या तोंडावर कापणीला आलं असतं. आणि नेमकं तिथेच लायब्ररी होणार होती.

आमची सर्व्हेची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सबनीस सर उंच, वाकलेले, डोक्यावर कायम कापडी टोपी. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. परीक्षेसाठी खोटं काही करायला त्यांना आवडायचं नाही. "खरी इमारत आखा," ते म्हणाले. नकाशावरून लायब्ररीच्या पायाची मधली रेघ जमिनीवर आखायची, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या. पुढे कंत्राटदार त्याच खुंट्या धरून खोदणार. आमच्या गटात आम्ही दोघी आणि दोन मुलं. सरांना ते शेत कुणाचं हे माहीत नव्हतं. वनिताने सांगितलं नाही.

मी दुर्बिणीमागे. कर्नाळ्याचा अंगठा धरून शून्य लावला आणि कोन फिरवला. काचेतून सगळं उलटं दिसायचं, जुन्या यंत्रात तसंच असतं. पिवळं भात वर, आभाळ खाली, आणि त्यात लाल-पांढरी काठी धरून उलटी उभी असलेली वनिता. मी हात करत होते, डावीकडे, अजून डावीकडे, बस. तिने भात पायाने दाबलं नाही. रोपांच्या मधे हात घालून जागा केली, खुंटी टेकवली, हातोडी उचलली. आणि काचेच्या कडेला आणखी एक माणूस आला. बाळारामकाका, तिचे वडील. बांधावर उभे. बनियन, टॉवेल, हातात काही नाही.

मी दुर्बीण सोडून जवळ गेले. का गेले ते ठाऊक नाही.

"काय ठोकतेस गो?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता.

"खुंटी हाय बाबा. परीक्षा हाय."

"कसली खुंटी?"

"लायब्ररीची. पुस्तकं ठेवतान तिथं."

ते भाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग थांबतील का दिवाळीपावत? पुस्तकं काय पिकून गलतान?"

वनिता हसली. मग तिचं हसू मधेच थांबलं. परीक्षक बाई छत्री उघडून शेजारी येऊन उभ्या होत्या, मुंबईहून आलेल्या. त्यांनी विचारलं, "काही अडचण आहे का?" वनिता म्हणाली, "नाही मॅडम," आणि खुंटी ठोकली. तीन-चार घावांत. तिचा बाप ते बघत होता. रागाने बघत होता की कौतुकाने, हे मी त्या दिवशी ठरवू शकले नाही आणि नंतर इतक्या वेळा ते दृश्य आठवूनही ठरवता आलेलं नाही. चेहरा तसाच होता, पावसाची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा.

त्या खुंट्या पाहून कंत्राटदाराची माणसं खूश झाली. येत्या सोमवारी खोदायचं मशीन लावतो, म्हणाली. भात तोवर तयार होणार नव्हतं. आठ-दहा दिवस हवे होते.

वनिताने मला विचारलं, "माझ्याबरोबर ऑफिसात येशील? मी एकटी गेले तर भोईरांची मुलगी म्हणतील. तू आलीस तर विद्यार्थिनी म्हणतील."

मी गेले. लेखी पेपर अजून सुरू व्हायचे होते. कुलसचिवांच्या खोलीबाहेर बसलेल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे इस्टेट विभागाकडे. इस्टेट विभागात एक बाई वाल सोलत होत्या. त्या म्हणाल्या, जागा आमची पण बांधकाम आमचं नाही. बांधकामवाले म्हणाले, एकदा काम दिलं की तारीख कंत्राटदाराची. कंत्राटदाराच्या ऑफिसातला तरुण म्हणाला, उशीर झाला तर विद्यापीठ दंड लावतं, विद्यापीठालाच विचारा. "आम्ही विद्यापीठातूनच आलोय," मी म्हटलं. तो म्हणाला, "नाही, म्हणजे खरं विद्यापीठ."

खरं विद्यापीठ कुठे असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कुलगुरू दिल्लीला गेले होते. सबनीस सरांना गाठलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की शेत वनिताचं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मला सांगायचं नाहीस?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मी काय करू शकतो ते मला कळत नाही." इतक्या मोठ्या माणसाला असं म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला एकदम खूप भीती वाटली, आणि त्यांच्याविषयी खूप मायाही.

शनिवारी आम्ही दोघी साइटवर नुसत्याच जाऊन उभ्या राहिलो. मशीन येऊन उभं होतं. त्याच्या सावलीत मुकादम रशीदभाई डबा खात होते, तळोज्याचे, दाढी मेंदीने रंगवलेली. वनिताने त्यांना सांगितलं. बाकी कुणाला सांगायचं उरलंच नव्हतं.

रशीदभाईंनी घास गिळला. "किती दिवस पाहिजेत, बेटा?"

"आठ-दहा."

"इमारत लांब आहे ना? त्या टोकाला तर भात नाही."

"नाही. तिकडचं कापून झालंय."

"मग तिकडून खोदतो. मला काय, इकडून खोदा नाहीतर तिकडून. यायचं तर मधेच आहे." त्यांनी पुन्हा डब्यात हात घातला. "एवढ्यासाठी उन्हात फिरलात? पाणी प्या."

आम्ही रांजणातलं पाणी प्यालो. वनिता गावाच्या दिशेने पळत सुटली, वेणी पाठीवर आपटत, आणि मी तिथेच उभी राहून मोठ्याने हसले. इतकं सोपं होतं तर इतके दिवस अवघड का होतं? हा प्रश्न मला पुढे नोकरीतही अनेकदा पडला. 

पण गोष्ट तिथे संपली असती तर मी सईला जिन्यातच सांगून टाकली असती.

लेखी पेपर सुरू झाले. पलीकडच्या टोकाला मशीनची घरघर आणि अलीकडे भात दिवसागणिक सोनेरी. वनिता रोज पेपर सुटला की बांधावर जाऊन लोंबीतला एक दाणा दाताखाली चावून बघायची. "अजून थोडं," म्हणायची. काका म्हणायचे, "दोन दिस." मग एका संध्याकाळी प्रबळगडाच्या बाजूने आभाळ चढलं. रोजच चढायचं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी ते आलं. वारा आधी, मग गारांसारखे टपोरे थेंब, मग नुसती झोड. परीक्षेपुरती मी वसतिगृहात राहायला आले होते, तिथला पत्रा वाजत होता. कॅम्पसवरची वीज गेली. मी मेणबत्तीशी स्ट्रक्चर्सची वही धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. आठ दिवसांपूर्वी कापलं असतं तर कोवळं का होईना, घरात असतं. आपण खोदणं थांबवलं.

सकाळी आभाळ असं निळं होतं जणू काही झालंच नाही. भात आडवं पडलं होतं. सगळं. कुणीतरी हाताने चेपून निजवल्यासारखं, एका दिशेला. खाली पाणी. ओल्या जमिनीवर पडलेलं भात एक-दोन दिवसांत उचललं नाही तर दाण्याला तिथेच मोड येतात. हे मला त्या सकाळी कळलं.

पेपर दहा वाजता होता. परीक्षेचा हॉल नेमका शेताकडे तोंड करून. खिडकीला काच नाही. माझ्या पुढचा बाक वनिताचा, रिकामा. पर्यवेक्षकांनी दोनदा तिचं नाव पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि ते थांबले. बाहेर ती होती. आई, बाप, भाऊ आणि ती, चौघं ओळीत वाकून. विळा ओल्या भाताला लागला की खर्र असा आवाज येत नाही, तो ओला, जड येतो. हॉलभर तो ऐकू येत होता.

मी पेपर लिहिला. तुळईवर भार कुठे पडतो, वाकण किती येतं, आकृत्या काढल्या. दर ओळीला वाटे, उठावं. उठून काय करणार? मला विळा धरता येत नाही. बसावं, तर हे आपण काय लिहितो आहोत? ती उठून आत का येत नाही? यायला हवं की नको? मी तिच्या जागी असते तर? पण मी तिच्या जागी नव्हते. तिची जागा खिडकीबाहेर होती आणि माझ्यापुढचा तो बाकसुद्धा तिचाच होता.

घंटा झाली.  आमच्या वर्गातला एक नागपूरचा मुलगा, एरवी कायम झोपलेला, त्याने पॅड बाकावर टाकलं, पँट दुमडली आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून सरळ बाहेर उतरला. मग दुसरा. मग आम्ही सगळेच. बांधावर पोहोचलो तेव्हा काकांनी मान वर केली.

"काय रं, काय झालं? आग लागली का कुटं?"

"काका, आम्ही मदतीला आलोय."

त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं. कुणाचे बूट, कुणाच्या सॅंडल. मग ते हसले. त्या सबंध ऋतूत मी त्यांना हसताना तेव्हाच बघितलं. "इळा नका धरू. बोटं कापाल आन् मंग तुमचे आईस-बापूस मना बोलतील. आमी कापतो, तुमी नुसतं उचला. बांधाव नेऊन पसरा, उन्हान."

आम्ही उचललं. भिजलेलं भात इतकं जड असतं याची मला कल्पना नव्हती. पात्यांनी हात चिरले, मानेला खाज सुटली. सबनीस सर आले, टोपी काढून मुलांसारखेच भारे वाहू लागले. रशीदभाईंनी मशीन बंद करवलं आणि सिमेंटची पोती झाकायची ताडपत्री पाठवून दिली, तीवर आम्ही भात पसरलं. वनिताच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली. मी सोवळ्यातल्या घरची, त्याआधी बोंबील खाल्ला नव्हता. त्या दिवशी खाल्ला, कारण विचारायला वेळच नव्हता.

एकदा भारा ठेवता ठेवता मी वनिताला विचारलं, "आपण थांबवायला नको होतं का गं?"

तिने कपाळावरचा घाम कोपराने पुसला. "कोवळं कापलं असतं तर पेंढा मिळाला असता. आता थोडं तरी भात मिळेल."

"आणि पेपर?"

"पेपर पुढच्या वर्षी पुन्हा येतो," ती म्हणाली. "हे शेत पुढच्या वर्षी नाही."

किती वाचलं? निम्मं, कदाचित जरा जास्त. काका म्हणाले, बरंच मिळालं. तिची आई म्हणाली, कायच नाय मिळालं. दोघं एकाच वेळी, एकाच ओट्यावर बसून. मला कुणाचं खरं मानावं कळेना. आठवडाभराने मशीन शेताच्या टोकालाही पोहोचलं.

वनिताला त्या पेपरात केटी लागली. पुढच्या वर्षी ती सुटली, आणि पदवी आम्हाला सगळ्यांना बरोबरच मिळाली. मान्यही होती. आईने ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. पहिला पदवीदान समारंभ नेमका नवरात्रानंतरच्या दिवसांत होता आणि दुसरी जागा नसल्याने नव्या लायब्ररीच्या तळमजल्यावर. पुस्तकं अजून यायची होती. नुसता लांब, रिकामा, पांढरा हॉल.

बाळारामकाका पांढरा सदरा घालून आले होते. समारंभ संपला, लोक चहाकडे गेले, तरी ते हॉलमधेच इकडून तिकडे चालत होते. खांबाजवळ थांबायचे, खिडकीतून बाहेर बघायचे, पुन्हा परत. काळा झगा घातलेली वनिता त्यांच्यामागे गेली. मी तिच्यामागे.

"काय बघताव बाबा?"

"आपला बांध कुटं व्हता गो?"

वनिताने बोट दाखवलं. "ह्या खांबाच्या पल्याड."

"नाय. त्याच्या अल्याड. हितनं पानी जायाचं."

मी म्हटलं, "काका, मला वाटतं त्या खिडकीपाशी." मी तर तिथला कोन मोजला होता. खुंट्या आमच्याच होत्या. पण भिंती उभ्या राहिल्यावर दिशाच बदलल्या होत्या आणि खिडकीतून कर्नाळा दिसत नव्हता. आम्ही तिघं तीन ठिकाणी बोट दाखवत उभे होतो. ज्याने तिथे जन्म काढला तो, जी तिथे जन्मली ती, आणि जिने ती जागा मोजली ती मी. तिघांनाही सापडेना.

"आसंल," काका शेवटी म्हणाले. "हितंच हाय कुटंतरी."

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. "दमलू गो. बसतो जरा." वनिता झगा गोळा करून त्यांच्या शेजारी बसली. दारातून कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं. मी हाकेच्या दिशेने बघितलं, या दोघांकडे बघितलं, आणि कुठे जावं ते न कळून तिथेच खाली बसले. बाहेर ऊन रणरणत होतं. फरशी गार होती.